उसनी चाल, स्वतःचे शब्द : वुडी गथ्री यांची गीतनिर्मितीप्रक्रिया आणि त्यांच्यावरील सांगीतिक प्रभाव

प्रास्ताविक

गीतकार गीत रचतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. शब्द आणि चाल ही दोन्ही ज्याची स्वतःची, तो स्वतंत्र गीतकार, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. महाविद्यालयीन युवक महोत्सवात एखाद्या विद्यार्थ्याने परिचित चालीवर नवे शब्द बांधून सादर केले, तर 'चाल तर उसनीच आहे' असे म्हणून आपण त्याचे गुण कमी करतो. हा निकष योग्य आहे काय? विसाव्या शतकातील अमेरिकन लोकगीतपरंपरेत ज्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, त्या वुडी गथ्री (१९१२-१९६७) यांच्या गीतांना हा निकष लावला, तर त्यांची बहुतेक प्रसिद्ध गीते बाद ठरतील. कारण त्यांनी आयुष्यभर प्रामुख्याने जुन्या, लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींवरच आपले शब्द बांधले. असे असूनही त्यांची गीते दुसऱ्या कोणाची वाटत नाहीत. या विरोधाभासाचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी गथ्री यांची जडणघडण, त्यांच्यावरील सांगीतिक प्रभाव, चाल निवडण्याची त्यांची रीत, लेखनपद्धती आणि एक स्वतंत्र कलावंत म्हणून त्यांना पडलेल्या मर्यादा यांचा येथे क्रमाने विचार केला आहे. गीतांच्या ओळी उद्धृत न करता त्यांच्या घडणीवर लक्ष केंद्रित करणे येथे अधिक सोयीचे वाटते.

जडणघडण : घर, गाव आणि धूळ

वुड्रो विल्सन गथ्री यांचा जन्म १४ जुलै १९१२ रोजी ओक्लाहोमा राज्यातील ओकिमा या गावी झाला. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार असलेल्या वुड्रो विल्सन यांचेच नाव मुलास देण्यात आले, यावरून वडील चार्ली गथ्री यांची राजकारणाची आवड लक्षात येते. जमिनीच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करणाऱ्या या कुटुंबाला काही काळ बरे दिवस होते. परंतु ते टिकले नाहीत. १९१९ मध्ये थोरली बहीण क्लारा भाजून मृत्यू पावली. आई नोरा हिच्या वागण्यात विचित्र बदल होऊ लागले. ते हंटिंग्टन या आनुवंशिक मज्जाविकाराचे परिणाम होते. परंतु गावाने तिला वेडी ठरविले. १९२७ मध्ये तिला मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले आणि १९३० मध्ये तिचे निधन झाले. हाच आजार पुढे मुलालाही गाठणार होता.

ही माहिती केवळ चरित्रात्मक म्हणून येथे दिलेली नाही. नोरा गथ्री यांना जुनी कथागीते मोठ्या संख्येने पाठ होती. इंग्लंड-स्कॉटलंडमधून आलेल्या स्थलांतरितांनी आपल्याबरोबर आणलेली ही दीर्घ गीते खून, विरह, जहाजफुटी, दरोडे यांच्या कथा सांगतात. कथा भीषण आणि सांगण्याचा स्वर मात्र शांत, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. आईच्या कंठातून ऐकलेला हा अनुद्विग्न स्वर गथ्री यांच्या गायनात अखेरपर्यंत टिकून राहिला. दुःख सांगताना आवाज चढवायचा नाही, हा धडा त्यांना घरातच मिळाला.

१९२९ मध्ये ते टेक्सासमधील पॅम्पा या गावी वडिलांकडे गेले. तेथे काका जेफ यांच्याकडून त्यांनी गिटार शिकून घेतली, मित्रांसह 'कॉर्न कॉब ट्रायो' नावाचा छोटा वाद्यवृंद उभा केला आणि गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातील पुस्तकांचा अधाशीपणे फडशा पाडला. औपचारिक शिक्षण अर्धवट राहिलेल्या या माणसाचे खरे विद्यापीठ म्हणजे हे ग्रंथालय होय.

१४ एप्रिल १९३५ रोजी धुळीचे प्रचंड वादळ पॅम्पावर चालून आले. अमेरिकेच्या इतिहासात हा दिवस 'काळा रविवार' म्हणून ओळखला जातो. वर्षानुवर्षांचे अवर्षण, गवताळ कुरणे नांगरून केलेली गव्हाची बेसुमार शेती आणि आर्थिक मंदी यांमुळे त्या प्रदेशातील लक्षावधी लोकांनी घरदार सोडले; त्यांपैकी पुष्कळांनी कॅलिफोर्नियाची वाट धरली. गथ्री हेही त्याच वाटेने गेले. त्यांच्या गीतांना विषय शोधावा लागला नाही. तो त्यांच्याबरोबर चालत होता.

सांगीतिक प्रभाव

गथ्री यांच्यावरील प्रभावांचे स्थूलमानाने चार प्रवाह सांगता येतील.

पहिला प्रवाह वर उल्लेखिलेल्या कथागीतांचा. दुसरा प्रवाह 'कार्टर फॅमिली' या व्हर्जिनियातील गायककुटुंबाचा. १९२७ पासून ध्वनिमुद्रित झालेली त्यांची गीते ग्रामोफोन आणि रेडिओद्वारे दक्षिणेतील घराघरांत पोहोचली होती. या कुटुंबातील मेबेल कार्टर यांची गिटारवादनाची एक विशिष्ट पद्धत होती. अंगठ्याने खालच्या पट्टीच्या जाड तारांवर मूळ सुरावट वाजवायची आणि उरलेल्या बोटांनी बारीक तारांवर लय धरायची. एकाच वाद्यातून सुरावट आणि ठेका दोन्ही मिळत असल्यामुळे एकट्या गायकाला साथीदारांची गरज उरत नसे. गावोगाव एकट्याने हिंडणाऱ्या गथ्री यांनी ही पद्धत आत्मसात केली. त्यांचे स्वातंत्र्य काही अंशी या वादनतंत्रावर उभे होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

तिसरा प्रवाह कृष्णवर्णीयांच्या संगीताचा. बूट पॉलिश करणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलाचे वादन ऐकून आपण माउथ ऑर्गनकडे वळलो, असे गथ्री सांगत असत. पुढे न्यूयॉर्कमध्ये हडी लेडबेटर अर्थात 'लेडबेली' आणि सनी टेरी यांचा सहवास त्यांना लाभला. लेडबेली यांच्या बारा तारांच्या गिटारीचा भरदार ठेका आणि श्रमगीतांची ताकद त्यांनी जवळून अनुभवली. 'टॉकिंग ब्लूज' या गद्यप्राय प्रकारातही कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय या दोन्ही परंपरांचे मिश्रण आढळते. ठेका चालू ठेवून त्यावर बोलल्यासारखे म्हणत जायचे आणि कडव्याच्या अखेरीस कोरडा विनोद करायचा, असे त्याचे रूप. १९२६ मध्ये क्रिस बुशिलन यांनी तो ध्वनिमुद्रित केला होता. गथ्री यांनी त्याला सामाजिक उपरोधाचे साधन बनविले.

चौथा प्रवाह चर्चमधील भक्तिगीतांचा. विस्थापितांच्या छावण्यांत रात्री जी भक्तिगीते गायली जात, त्यांच्याशी गथ्री यांचे नाते दुहेरी होते. त्यांची सुरावट त्यांना प्रिय होती. आशयाशी मात्र त्यांचे भांडण होते.

उसनी चाल : निवड हीच निर्मिती

येथे आपण मूळ प्रश्नाकडे येतो. जुन्या चालीवर नवे शब्द बांधणे ही गोष्ट मराठी वाचकास नवी नाही. आपल्या संगीत नाटकांच्या छापील संहितांमध्ये पदाच्या शिरोभागी 'चाल' म्हणून दुसऱ्या एखाद्या पदाचा निर्देश केलेला असे. सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे यांनी लोकप्रिय चालींवर प्रबोधनाची गीते बांधली. चाल परिचित असल्यामुळे श्रोत्याचे लक्ष थेट शब्दांकडे जाते आणि गीत एकदोनदा ऐकून पाठ होते, हे त्यामागील व्यावहारिक कारण होय. अक्षरओळख नसलेल्या समाजात चाल हीच छपाई असते.

गथ्री यांनाही हा लाभ हवा होता. परंतु त्यांच्या चालींची निवड केवळ सोयीची नव्हती. जुनी चाल आपल्याबरोबर जुन्या शब्दांची स्मृती घेऊन येते, हे त्यांनी नेमके ओळखले होते. काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

'हे जग माझे घर नव्हे, माझे घर स्वर्गात' अशा आशयाचे एक भक्तिगीत विस्थापितांच्या छावण्यांत लोकप्रिय होते. ज्या माणसाचे घर बँकेने जप्त केले आहे, त्याने हे गावे, याचा गथ्री यांना संताप येई. त्यांनी तीच चाल घेऊन 'आय एन्ट गॉट नो होम' हे गीत रचले. मूळ गीतातील बेघरपण आध्यात्मिक होते. गथ्री यांनी ते जमिनीवर आणले. चाल तीच असल्यामुळे श्रोत्याच्या मनात मूळ आश्वासन आणि प्रत्यक्ष वास्तव एकमेकांसमोर उभे राहते. चाल नवी असती, तर हा परिणाम साधला नसता.

१९४० मध्ये त्यांनी 'जीझस ख्राइस्ट' हे गीत 'जेसी जेम्स' या दरोडेखोराच्या कथागीताच्या चालीवर बांधले. जेसी जेम्स याचा घात १८८२ मध्ये त्याच्याच टोळीतील रॉबर्ट फोर्ड याने केला होता. गरिबांचा कैवारी आणि त्याचा घरभेदी मारेकरी, ही लोकमानसातील जोडी चालीबरोबर आपोआप येते आणि ख्रिस्त व ज्यूडास यांच्या कथेवर तिची छाया पडते. त्याच वर्षी स्टाइनबेक यांच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' या कादंबरीचे कथानक त्यांनी 'टॉम जोड' या गीतात आणले, तेव्हा चाल घेतली ती फाशी गेलेल्या 'जॉन हार्डी'च्या कथागीताची. कायद्यापासून पळणाऱ्या माणसाच्या गाण्याची चाल, कायद्यापासून पळणाऱ्या दुसऱ्या माणसासाठी.

'युनियन मेड' या कामगारगीताची चाल 'रेड विंग' या १९०७ मधील लोकप्रिय गाण्याची आहे. गंमत अशी, की 'रेड विंग'च्या रचनाकाराने ती सुरावट जर्मन संगीतकार शुमान यांच्या १८४८ मधील बालपियानोवादकांसाठीच्या एका रचनेवरून घेतली होती. म्हणजे ज्या चालीला आपण 'मूळ' म्हणतो, तीही पुष्कळदा उसनीच असते. चालींचा हा प्रवास पाहिला, की मौलिकतेचा प्रश्न 'चाल कोणाची' यावरून 'चालीचे काय केले' यावर सरकतो.

लेखनपद्धती : टंकयंत्र, वृत्तपत्र आणि पुनर्लेखन

गथ्री हे गिटार घेऊन फिरणारे भोळे भटके गायक होते, ही प्रतिमा काही अंशी त्यांनीच जोपासली होती. प्रत्यक्षात ते अतिशय शिस्तबद्ध आणि अविश्रांत लेखन करणारे गृहस्थ होते. १९३५ मध्येच त्यांनी आपल्या गीतांची एक लहानशी टंकलिखित पुस्तिका तयार केली होती. वृत्तपत्रातील बातमी वाचणे, तिच्यातील माणसाचा शोध घेणे, मनात एखादी चाल धरणे आणि टंकयंत्रावर बसून कडव्यांमागून कडवी उतरविणे, ही त्यांची नेहमीची रीत होती. 'टॉम जोड' त्यांनी एका रात्रीत टंकयंत्रावर लिहून काढले, असे पीट सीगर यांनी सांगितले आहे. हस्तलिखितांवर तारीख, ठिकाण आणि कधी एखादा शेरा लिहिण्याची त्यांची सवय अभ्यासकांस फार उपयुक्त ठरली आहे.

त्यांचे सर्वाधिक प्रसिद्ध गीत 'दिस लँड इज युअर लँड' या प्रक्रियेचे उत्तम उदाहरण होय. १९४० च्या आरंभी न्यूयॉर्ककडे येत असताना आयर्विंग बर्लिन यांचे, केट स्मिथ यांनी गायिलेले 'गॉड ब्लेस अमेरिका' हे गीत रेडिओवर वारंवार कानी पडत होते. उपासमार पाहिलेल्या गथ्री यांना त्यातील आत्मसंतुष्टता रुचली नाही. २३ फेब्रुवारी १९४० रोजी न्यूयॉर्कमधील एका स्वस्त हॉटेलात त्यांनी उत्तरादाखल सहा कडव्यांचे गीत लिहिले. चाल होती कार्टर फॅमिलीच्या 'व्हेन द वर्ल्ड्स ऑन फायर' या भक्तिगीताच्या वळणाची. पहिल्या मसुद्यातील ध्रुवपद बर्लिन यांच्या गीताला उपरोधाने उत्तर देणारे होते आणि कागदाच्या तळाशी, माणूस फक्त जे पाहतो तेच लिहू शकतो, अशा अर्थाचा शेरा होता.

नंतर त्यांनी ध्रुवपद बदलले. उपरोध गेला आणि त्या जागी सर्वांची मालकी सांगणारे विधान आले. ही सुधारणा लहान, पण निर्णायक आहे. दुसऱ्याला खोडून काढणारे गीत स्वतःच्या पायावर उभे राहिले. खाजगी मालमत्तेची पाटी आणि तिची कोरी मागची बाजू, तसेच सरकारी मदतकेंद्राबाहेर उभे असलेले भुकेले लोक, असे दोन प्रसंग रंगविणारी कडवी मात्र दीर्घकाळ मागे पडली. मोझेस ॲश यांच्याकडे १९४४ मध्ये झालेल्या एका ध्वनिमुद्रणात पाटीचे कडवे आहे. परंतु शाळाशाळांतून पसरलेल्या छापील आवृत्तींत ती दोन्ही कडवी नव्हती. १८ जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टन येथे बराक ओबामा यांच्या शपथविधीपूर्वीच्या समारंभात पीट सीगर आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी ती जाहीरपणे गायिली. वगळलेल्या कडव्यांमुळे एखादे निषेधगीत निर्धोक देशभक्तिगीत कसे बनते, याचा हा धडा पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या आपणा सर्वांसाठी विचारार्ह आहे.

श्रोत्यांचा वाटा

१९३७ मध्ये गथ्री यांनी लॉस एंजेलिस येथील केएफव्हीडी या रेडिओ केंद्रावर मॅक्सीन क्रिसमन यांच्यासह कार्यक्रम सुरू केला. ओक्लाहोमा-टेक्सासमधून आलेल्या विस्थापितांना या कार्यक्रमात आपल्या गावाचा आवाज ऐकू येई. श्रोत्यांची शेकडो पत्रे येत. त्याच वर्षी एका कृष्णवर्णीय तरुणाचे पत्र आले. गथ्री यांनी एका वादनतुकड्याचे नाव सांगताना कृष्णवर्णीयांविषयीचा अपमानकारक शब्द वापरला होता. सुशिक्षित माणसाने असा शब्द उच्चारू नये, असे त्या श्रोत्याने संयमाने कळविले होते. गथ्री यांनी ते पत्र कार्यक्रमात वाचून दाखविले, क्षमा मागितली आणि तो शब्द आपल्या वहीतून काढून टाकला.

हा प्रसंग निर्मितीप्रक्रियेच्या दृष्टीने महत्त्वाचा मानावा लागतो. गथ्री ज्या गावात वाढले, तेथे तो शब्द सहजपणे वापरला जाई. परंपरेतून चाल घेताना तिच्यातील विषही नकळत येते. ते गाळण्यासाठी श्रोत्याची गरज असते. पुढे लेडबेली आणि सनी टेरी यांच्याबरोबर बरोबरीच्या नात्याने गाणारा गथ्री या पत्राशिवाय कल्पिता येत नाही.

स्वातंत्र्याची किंमत आणि मर्यादा

गथ्री यांना 'स्वतंत्र' गीतकार म्हणावे काय? १९४० च्या उत्तरार्धात सीबीएस या राष्ट्रीय रेडिओजालावर एका तंबाखू कंपनीने प्रायोजित केलेला कार्यक्रम त्यांना मिळाला. उत्पन्न पूर्वी कधी नव्हते इतके चांगले होते. पण काय गावे आणि काय गाऊ नये हे दुसरेच ठरवू लागले. १९४१ च्या आरंभी त्यांनी ते काम सोडले आणि पत्नी-मुलांसह मोटारीने पश्चिमेची वाट धरली. या निर्णयाची किंमत कुटुंबालाही मोजावी लागली, हे विसरता कामा नये.

त्याच वर्षी मे महिन्यात बोनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेने कोलंबिया नदीवरील धरणांच्या प्रचारासाठी त्यांना एक महिन्याकरिता नेमले. २६६ डॉलर ६६ सेंट वेतनात त्यांनी २६ गीते दिली; त्यांत काही जुन्या रचनांचे नवे अवतारही होते. 'पास्चर्स ऑफ प्लेंटी' हे 'प्रिटी पॉली' या खुनाच्या कथागीताच्या उदास चालीवर, 'ग्रँड कूली डॅम' हे 'वाबॅश कॅननबॉल' या आगगाडीच्या गीताच्या चालीवर आणि 'रोल ऑन, कोलंबिया' हे लेडबेली यांच्या 'गुडनाइट आयरीन'च्या चालीवर. स्वस्त वीज आणि पाणी मिळाल्यास विस्थापित शेतकऱ्याला पुन्हा जमीन मिळेल, असा गथ्री यांचा प्रामाणिक विश्वास होता.

तथापि, ज्यांनी धूळ पाहिली होती त्यांच्या नजरेतून पाण्याखाली गेलेली माणसे सुटली. ग्रँड कूली धरणाच्या जलाशयात केटल फॉल्स हे आदिवासी जमातींचे सामन माशांच्या शिकारीचे प्राचीन स्थळ बुडाले. जून १९४० मध्ये त्या जमातींनी तेथे जमून अश्रूंचा निरोपसमारंभ केला होता. धरणामुळे माशांचा वरचा मार्ग कायमचा बंद झाला. गथ्री यांच्या गीतांत या हानीचे दुःख नाही. जे पाहिले तेच लिहावे, हा नियम सांगणाऱ्या गीतकाराला महिनाभराच्या दौऱ्यात जे दाखविले गेले तेवढेच दिसले. धरणग्रस्तांचा प्रश्न परिचित असलेल्या महाराष्ट्रातील वाचकास ही उणीव विशेष जाणवेल.

राजकीय बांधिलकीनेही अशीच मर्यादा घातली. गथ्री ज्यांच्यात सामील झाले, त्या 'अल्मनॅक सिंगर्स' या गटाने १९४१ च्या वसंतात युद्धविरोधी गीते प्रसिद्ध केली होती. जूनमध्ये हिटलरने सोव्हिएत रशियावर आक्रमण करताच तीच गीते मागे घेण्यात आली. बाजारापासून स्वतंत्र असणे म्हणजे सर्वांपासून स्वतंत्र असणे नव्हे, हे यावरून दिसते.

नावांचा प्रश्न

३१ ऑक्टोबर १९४१ रोजी 'रूबेन जेम्स' ही अमेरिकन युद्धनौका जर्मन पाणबुडीने बुडविली. गथ्री यांनी कार्टर फॅमिलीच्या 'वाइल्डवुड फ्लॉवर' या गीताच्या चालीवर रचना सुरू केली आणि तीत सर्व मृत खलाशांची नावे गुंफण्याचा घाट घातला. असे गीत कोणी गाऊ शकणार नाही, हे सहकाऱ्यांनी पटवून दिल्यावर नावांच्या यादीऐवजी, त्यांची नावे काय होती असे विचारणारे ध्रुवपद आले. यादी गेली, पण प्रश्न राहिला; आणि प्रश्न यादीपेक्षा अधिक काळ टिकला.

हाच प्रश्न २८ जानेवारी १९४८ नंतर पुन्हा उभा राहिला. कॅलिफोर्नियातील लॉस गॅटोस खोऱ्यात विमान कोसळून ३२ जण ठार झाले. त्यांपैकी २८ मेक्सिकन शेतमजूर होते आणि त्यांना परत पाठविले जात होते. वैमानिक व इतर कर्मचाऱ्यांची नावे बातम्यांत आली. मजुरांचा उल्लेख मात्र केवळ 'हद्दपार केलेले' असा झाला. गथ्री यांनी यावर कविता लिहिली. या वेळी तिला चाल नव्हती. सुमारे दहा वर्षांनी मार्टिन हॉफमन या तरुण शिक्षकाने तिला चाल लावली आणि सीगर यांच्यामुळे ती सर्वत्र पोहोचली. त्या मजुरांना फ्रेस्नो येथील दफनभूमीत नावाविनाच पुरण्यात आले होते. लेखक टिम हर्नांडेझ आणि इतरांच्या शोधप्रयत्नांतून २०१३ मध्ये तेथे सर्व नावे कोरलेला दगड बसविण्यात आला. एका गीताने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ६५ वर्षांनी मिळाले.

मालकी कोणाची?

१९५० च्या दशकात हंटिंग्टन आजाराने गथ्री यांचे हात आणि वाणी हळूहळू निकामी केली. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यामागे सुमारे तीन हजार गीतांचे शब्द उरले होते. त्यांतील बहुसंख्य गीतांची चाल कोठेही लिहिलेली नव्हती, कारण ती त्यांच्या डोक्यात होती. कन्या नोरा यांनी ब्रिटिश गायक बिली ब्रॅग यांना त्यांतील काही गीतांना नव्या चाली लावण्याची विनंती केली आणि 'विल्को' या वाद्यवृंदाच्या सहकार्याने १९९८ मध्ये 'मरमेड ॲव्हेन्यू' हा संग्रह प्रसिद्ध झाला. ज्यांनी इतरांच्या चालींना शब्द दिले, त्यांच्या शब्दांना इतरांनी चाली दिल्या. एक वर्तुळ पूर्ण झाले.

दुसरीकडे, उसन्या चालीवर उभे असलेले 'दिस लँड इज युअर लँड' हे गीत प्रकाशनसंस्थेच्या स्वामित्वहक्काखाली आले. २००४ मध्ये त्याच्या विडंबनावरून आणि २०१६ मध्ये हक्काच्या वैधतेवरून वाद न्यायालयापर्यंत गेले. सर्वांच्या मालकीचे गाणे कोणा एकाच्या मालकीचे असू शकते काय, हा प्रश्न कायद्याच्या भाषेत सुटला तरी लोकपरंपरेच्या भाषेत सुटत नाही. जात्यावर ओवी गाणारी स्त्री गळा परंपरेकडून घेते आणि दुःख स्वतःचे घालते. त्या ओवीवर हक्क कोणाचा, असा प्रश्न तिला कोणी विचारीत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, गथ्री यांच्या बाबतीत चालीची निवड हाच रचनेचा पहिला आणि अर्थपूर्ण टप्पा होता. जुन्या चालीतील स्मृतीचा त्यांनी आशयासाठी जाणीवपूर्वक उपयोग केला. दुसरा, त्यांची सहजता ही कष्टसाध्य होती. तारखांसह जतन झालेले मसुदे आणि बदललेली ध्रुवपदे त्याची साक्ष देतात. तिसरा, श्रोते आणि सहकारी हे त्यांच्या निर्मितीचे भागीदार होते. चौथा, त्यांचे स्वातंत्र्य खरे असले तरी निरपवाद नव्हते. ज्याने आणि जितके दाखविले, त्याच्या पलीकडचे त्यांना क्वचितच दिसले.

तेव्हा आपल्या विद्यार्थ्याने परिचित चालीवर बांधलेले गीत घेऊन व्यासपीठावर यावे, तेव्हा 'ही चाल कोणाची?' एवढेच विचारून थांबू नये. 'हीच चाल का निवडलीस?' हा पुढचा प्रश्न त्याला अवश्य विचारावा. त्याच्याजवळ उत्तर असेल, तर तो गीतकार आहे असे समजण्यास हरकत नाही.